साडभाऊंचे कनेक्टर

आमच्या साडभाऊंइतका कष्टाळू माणूस मी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही, आणि इतक्या कष्टांतून इतकं कमी काम बाहेर पडलेलं तर कुठल्याच जिल्ह्यात पाहिलं नाही. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचून ते सकाळी समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसत ते दिवेलागणीपर्यंत. मधे जेवायला उठत तेव्हाही चेहऱ्यावर असा भाव, की आपण उठलो आणि तिकडे देशाचं काहीतरी अडलं. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यामुळे सासरवाडीत आमची तुलना अटळ होती, आणि तीत मी कायम हरायचो. मी कॉलेजात मराठी शिकवतो, दुपारी घरी येतो, झोपतो. सासरे म्हणायचे, "मोठे जावई पाहा, किती राबतात!" मोठे जावई काय राबतात हे सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं, पण ते सांगायला निदान एक संध्याकाळ लागते.

ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. पुण्याच्या एका कंपनीत नकाशे काढायचे. बंगल्याचे नाहीत, यंत्राच्या आतल्या विद्युतमंडलाचे. तिथे साहेबाशी बिनसलं म्हणून नोकरी सोडून ते यवतमाळला परतले आणि कारखान्यांना लागणारे छोटे कंट्रोलचे डबे बनवू लागले. बनवू लागले म्हणजे बनवायचं ठरवलं. डबा बनवण्याआधी त्याचं सर्किट कॉम्प्युटरवर काढावं लागतं. त्या कामाचं एक सॉफ्टवेअर असतं आणि त्यात प्रत्येक सुट्या भागाचं चिन्ह तयार ठेवलेलं असतं. चिन्ह उचलायचं, कागदावर ठेवायचं, रेघांनी जोडायचं. शहाणी माणसं असं करतात आणि पाचला घरी जातात. साडभाऊंचं घोडं कनेक्टरवर अडलं होतं. कनेक्टर म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारा डब्यात जिथे खुपसतात ती जागा. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं चिन्ह अगदी साधं, एक चौकट आणि तिला ओळीनं नंबर दिलेले दात. हे चिन्ह साडभाऊंना बघवत नसे.

"प्राध्यापक, हा काय कनेक्टर हाये?" ते मला स्क्रीनजवळ ओढून विचारायचे. मला ते प्राध्यापकच म्हणत, आणि त्यात आदर किती हे मी कधी तपासलं नाही. "हा तं डबा हाये. याच्यात नर कोण, मादी कोण, खाच कोण्या अंगाले, काई समजून राह्यलं काय तुमाले?"

मला काहीच समजत नसे. मी म्हणायचो, "नाही समजत."

"पाहा! शिकल्यासवरल्या माणसाले समजत नाई, तं मिलमधल्या वायरमनले कसं समजंन?"

या अजब तर्कानं ते प्रत्येक कनेक्टरचं स्वतःचं चिन्ह स्वतः काढत. हातात खराखुरा कनेक्टर धरायचा, भिंग लावायचं, त्याची खाच, त्याचा उंचवटा, त्याच्या दातांमधलं अंतर सगळं पाहायचं, आणि मग स्क्रीनवर एकेक रेघ ओढायची. ओढायची, पुसायची. रेघ जाड झाली म्हणून पुसायची, बारीक झाली म्हणून पुसायची. एकदा मी गेलो तेव्हा ते एका कनेक्टरच्या कोपऱ्याची गोलाई ठरवत होते. गावाला जाऊन दिवाळी करून परत आलो तर गोलाई ठरली होती आणि ते दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले होते. "माझी लायब्ररी मोठी होऊन राह्यली," असं ते अभिमानानं सांगत. मी मराठीचा माणूस, मला वाटलं पुस्तकं घेतायत. पाहतो तर या चिन्हांच्या साठ्यालाच ते लायब्ररी म्हणत होते.

त्या काळी आमच्याकडे वीज जाण्याचंच वेळापत्रक होतं, येण्याचं नव्हतं. चिन्ह अर्धं झालं की लाइट जायची आणि काढलेलं सगळं पुसलं जायचं. मधेमधे काम सेव्ह करत जा, एवढं मलाही कळत होतं. पण साडभाऊंचा बाणा असा, की अर्धवट गोष्ट सेव्ह करायची नाही. "अपुरं चित्र लायब्ररीत ठेवू काय? उद्या मी मेलो तं लोक म्हणतीन याले एवढंच येत होतं." मग लाइट येईपर्यंत ते फाटकापाशी येऊन उभे राहायचे आणि हवेत बोटानं रेघा ओढत बसायचे. रस्त्यानं जाणारे ऑटोवाले आपल्याला हात केला समजून थांबायचे आणि शिव्या देत पुढे जायचे.

चिन्हांना नावं द्यायची असत. सॉफ्टवेअरला आकडे चालतात, पण साडभाऊंना आकडे कोरडे वाटत, म्हणून त्यांनी नातेवाइकांची नावं दिली. एका अतिशय घट्ट, निघता न निघणाऱ्या कनेक्टरला आमच्या सासूबाईंचं नाव होतं. माझं नाव कशाला दिलंय असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी जराही संकोच न करता एक बारीकसा कनेक्टर दाखवला. "याले खाच नाई. सुलटा घाला, उलटा घाला, कसाही बसते." मी त्या दिवशी चहा न घेता घरी आलो. बायकोला सांगितलं, तर ती इतकी हसली की मला पुन्हा जाऊन चहा घेणं भाग पडलं.

घराबाहेरही कनेक्टर सुटत नसे. साडभाऊंच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही वणीला गेलो होतो. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली तेव्हा वराकडची सर्वांत वडीलधारी व्यक्ती टीव्हीच्या मागे पालथी पडलेली होती. बाहेर फक्त मोजे दिसत होते. मुलीचे वडील घाबरून म्हणाले, "टीव्ही नवीनच आहे हो, दसऱ्यालाच घेतला." त्यांना वाटलं, पाहुणे किंमत काढतायत. आतून आवाज आला, "टीव्हीचं जाऊ द्या, ह्या पिना पाहा, काय सुंदर बसवल्या!" मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. सोयरीक जुळली, पण मुलीच्या मामानं मला अंगणात गाठून हळूच विचारलंच, "हे मुलाच्या बी अंगात हाये काय?"

अशा माणसाचा संसार चालत होता तो ताईंमुळे. ताई म्हणजे माझी मेहुणी, मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्या नवऱ्याबद्दल कुणापुढे तक्रार करत नसत. फक्त कधीतरी माझ्या बायकोला म्हणायच्या, "यांचं काम झालेलं मला एकदा डोळ्यांनी पाहायचंय गं." बस, एवढंच.

तो योग त्यांनीच आणला. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव नव्हता, पीक साथ देत नव्हतं, पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव येत होतं आणि पांढऱ्या गाड्यांतून समित्या येऊन दुःखाची पाहणी करून जेवायच्या आत परत जात होत्या. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग मिला निम्म्यानं चालत. मारेगावच्या एका जिनिंगमध्ये आदल्या हंगामात कापसाच्या गंजीला आग लागली होती. कापसात एखादा खिळा आला की यंत्रात ठिणगी उडते, ती रुई वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या पाइपात शिरते आणि आतल्या पंख्याच्या वाऱ्यानं भडकत थेट ढिगात जाऊन पडते. त्या आगीत पाठीवर भाजलेली एक बाई पुढे कामावर आलीच नाही. मिलवाल्या शेठची मुलगी यवतमाळला ताईंच्या हाताखाली शिकत होती. ताईंनी शेठना शब्द दिला, "आमच्याकडून एक डबा घ्या. ठिणगी दिसली की भोंगा वाजेल आणि पंखा आपोआप बंद होईल." शेठ हो म्हणाले. घरात तो दिवस सणासारखा गेला.

साडभाऊंनी उन्हाळ्यात काम हाती घेतलं. डब्यात अवघड असं काही नव्हतं, त्यांचं डोकं याबाबतीत खरंच चांगलं होतं. पण डब्यातून भोंग्याकडे आणि पंख्याकडे तारा नेणारा एक मोठा कनेक्टर होता, आणि त्याचं चिन्ह काढायचं होतं. पाऊस आला. पेरण्या झाल्या. चिन्ह चालू होतं. कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या लागल्या, बोंडं धरली, चिन्ह चालू होतं. शेठचा फोन आला की ताई घ्यायच्या आणि "होतच आलं" म्हणायच्या. फोन ठेवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. वर्गात गणित चुकलेली मुलगीही इतकी ओशाळत नसेल. शेवटी कापूस वेचायला आला तेव्हा चिन्ह पूर्ण झालं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. त्यावरून मग सर्किट झालं, त्यावरून सुटे भाग बसवायची पाटी छापून आली, डबा तयार झाला.

मिलच्या नव्या हंगामाच्या मुहूर्ताला शेठनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. नारळ, हार, पेढे, गावातली चार प्रतिष्ठित मंडळी, दारात उभे हमाल आणि कामाच्या बाया. ताई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. शेठनी यंत्राला नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाले, "चला साहेब, दाखवा."

साडभाऊंनी बटन दाबलं. त्याबरोबर भोंगा बोंबलू लागला. आग नाही, ठिणगी नाही, नुसता बटन दाबल्याचा आकांत. लोकांनी कानावर हात ठेवले. साडभाऊ शांत. "थांबा, आता पाहा!" असं ओरडून त्यांनी काडी ओढली आणि पाइपाच्या उघड्या झडपेतून आत धरली. भोंगा गप्प झाला. साडभाऊंनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. आणि पंखा सुरू झाला.

पंखा सुरू झाला म्हणजे काय, ते जिनिंगमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पाइपात मागच्या हंगामापासून साठलेली सगळी रुई त्या झडपेतून बाहेर आली. शेठची काळी टोपी पांढरी झाली, पेढ्यांना लव फुटली, प्रतिष्ठित मंडळी ओळखू येईनाशी झाली. काडी पहिल्या झोतातच विझली म्हणून आज मी हे हसत लिहितो आहे. आग नसताना ओरडायचं आणि आग दिसली की गप्प बसून वारा घालायचा, एवढं नेमकं काम करणाऱ्या कचेऱ्या जिल्ह्यात आधीच पुरेशा होत्या. त्यासाठी साडभाऊंनी आणखी एक डबा बनवायची गरज नव्हती.

कुणीतरी मेन स्विच पाडला. शांतता झाली. साडभाऊंनी चष्मा काढून रुई पुसली, खिशातून ड्रॉइंगची घडी उलगडली आणि ते बराच वेळ पाहत राहिले. झालं होतं असं, की कनेक्टरचं चिन्ह त्यांनी त्याला मागून पाहत काढलं होतं. समोरून पाहिलं तर डावीकडचं उजवीकडे. पहिल्या तारेच्या जागी शेवटची, भोंग्याच्या जागी पंखा. इतके महिने भिंग लावून त्यांनी सगळं पाहिलं, फक्त आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते पाहायचं राहिलं.

"ड्रॉइंग बरोबर हाये," ते अखेर म्हणाले. "शेठजी, तुम्ही जरा डब्याच्या मांगून, त्या भिंतीकडून पाहा."

शेठ सज्जन माणूस. मिशीवरची रुई काढत म्हणाले, "साहेब, भिंतीकडून मी कसा पाहू? मी तं इकडून राहतो."

बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी शेठना हात जोडले आणि त्या गेटबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. परत येताना एसटीत त्या माझ्या बायकोशेजारी बसल्या, आणि त्या रात्री आमच्याच घरी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी साडभाऊंकडे गेलो. ते पुन्हा कॉम्प्युटरपुढे.

"सोपं आहे ना," मी म्हणालो. "प्लगमधल्या तारा उलट्या लावा. काम संपलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरलो आहे. "म्हंजे कागदावर एक अन् डब्यात एक? उद्या कोणी कागद पाहून हात लावला तं? नाई जमणार. मी चिन्ह नवीन काढतो, पाटी नवीन छापतो."

"आणि तोवर मिल?"

"मिलनं थांबावं."

"कापूस थांबतो का हो? गाड्या लागल्यात तिथे!" माझा आवाज चढला. तेवढ्यात दारात ताई आल्या. त्यांच्या हातात पिशवी तशीच होती.

"मिल थांबली नाही," ताई म्हणाल्या. "शेठचा फोन आला होता. आजपासून सुरू झाली, डब्याशिवाय. तिथे त्या बाया दिवसभर रुईत उभ्या राहतात. कालच्या हसत होत्या ना, त्याच." मग पिशवी खाली ठेवत, "तुमचं चित्र पुढच्या वर्षी खरं करा. मी काही म्हणणार नाही. आज तारा उलट्या करून या."

साडभाऊंनी कॉम्प्युटर बंद केला, पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकले आणि एसटी स्टँडकडे निघाले. मारेगावला शेठनी मागवलेला चहा यायच्या आत काम झालं. इतक्या वर्षांत त्यांचं वेळेवर झालेलं ते पहिलं काम, आणि त्या कामाची त्यांना इतकी लाज वाटली की घरी येऊन ते तापानं झोपले.

थंडीत एका दुपारी मिलमध्ये खरोखर ठिणगी उडाली. भोंगा वाजला, पंखा थांबला, पाइपात ओंजळभर रुई जळाली आणि बादलीभर पाण्यात सगळं आटपलं. शेठ स्वतः यवतमाळला पेढे घेऊन आले. ताईंनी पेढा हातात घेतला आणि तो न खाताच स्वयंपाकघरात निघून गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या घरात तेव्हा नाराज असा एकच माणूस होता.

"चाललं," साडभाऊ मला म्हणाले. "पण चुकीचं चाललं."

यातून ते सुधारले असं कुणाला वाटत असेल तर त्यानं साडभाऊ पाहिले नाहीत. सगळी चिन्हं त्यांनी पहिल्यापासून पुन्हा काढायला घेतली. आता प्रत्येक कनेक्टरशेजारी एक छोटा डोळा काढायचा, म्हणजे पाहणाऱ्यानं कुठून पाहायचं ते कळावं. डोळ्याला पापण्या किती असाव्यात यावर एक पावसाळा गेला. नवी पाटी मात्र मारेगावला कधी गेली नाही. उलट्या तारांवर तो डबा हंगामामागून हंगाम चालत राहिला आणि त्याचं नाव निघालं की साडभाऊ विषय बदलत.

मग एका वर्षी शेठनी मिल विकायला काढली. कापूस येईना, आला तर परवडेना, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. यंत्रं आदिलाबादकडच्या, तेलुगू मुलखातल्या कुणी घेतली. सामान उतरवणाऱ्या वायरमनचा साडभाऊंना फोन आला, "काका, तुमच्या कागदात अन् डब्यात मेळ नाई." तो काही रागावला नव्हता, सहज सांगत होता. साडभाऊंनी फोन ठेवला आणि पायात चप्पल घातली. त्यांचे गुडघे तोवर गेले होते. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही जा हो यांच्याबरोबर."

मिलच्या आवारात यंत्रं खाली काढून ठेवली होती. छपराखाली नुसते पायांचे चौथरे उरले होते, आणि जिथे बाया उभ्या राहायच्या तिथे एक शेळी सरकी हुंगत फिरत होती. डबा ट्रकच्या फाळक्याला टेकवून ठेवला होता. साडभाऊ जमिनीवर बसले, मला त्यांना धरून बसवावं लागलं. त्यांनी झाकण उघडलं, जाड पेन काढलं आणि झाकणाच्या आतून कनेक्टरचं चित्र काढलं. पुसायची सोय नव्हती. रेघा वाकड्या आल्या, कोपऱ्यांना गोलाई आली नाही. खाली त्यांनी लिहिलं, 'तारा या चित्राप्रमाणे आहेत. छापील ड्रॉइंग चूक आहे. ते मी काढले होते.' आणि सही केली. वायरमन म्हणाला, "काका, नुसती चिठ्ठी चिकटवली असती तं झालं असतं." साडभाऊ म्हणाले, "चिठ्ठी निघून जाते ना बाप्पा."

ट्रक गेला. आम्ही वणीहून येणारी एसटी पकडली. करंजी मागे पडली. एरवी त्यांच्या तावडीत सापडलो की एखादी कोपरखळी मारल्याशिवाय मला चैन पडत नसे, पण त्या दिवशी एकही सुचेना. दोन्हीकडे वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. पुढे कुठेतरी, जोडमोहा यायच्या आधी, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"प्राध्यापक, तिकडच्या लोकाईले मराठी वाचता येईन काय हो?"

"नाही येणार बहुतेक," मी म्हणालो. "पण तुम्ही चित्र काढलंय ना. ते समजेल त्यांना."

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करतोय का, हे ते पाहत असावेत. मग त्यांनी हात काढून घेतला, खिडकीची काच जराशी सरकवली आणि बाहेर पाहत बसले.